शिफारसपत्राखालची सही

“ताई, इथं खाली सही करा, बस. बाकी सगळा जबाब वकिलांनी बघून लिहिलाय.” संग्रामने पेनाचं टोपण काढून पेन द्वारकाबाईंच्या पुढे धरलं.

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या अतिथीगृहातली ती खोली त्यानेच बुक केली होती. तो संस्थाचालक अण्णासाहेबांचा मुलगा, आता स्वतः आमदार. अकरा वाजता चौकशी समितीपुढे द्वारकाबाईंची साक्ष होती.

त्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. संग्राम चुळबुळला. खासदार असताना त्या कधी काही वाचत बसल्या नव्हत्या.

‘वसतिगृहाच्या जागेची मी स्वतः पाहणी केली. संस्थेची निवड माझीच. माझ्यावर कोणाचाही दबाव नव्हता.’

“मी तिथं गेलेच नव्हते रे.”

“ते आता कोण बघतंय, ताई?”

मतदारसंघ राखीव झाला, तेव्हा अण्णासाहेबांना स्वतःला उभं राहता येईना. त्यांनी आपल्याच संस्थेच्या बालवाडीतली शिक्षिका उभी केली. विधवा बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पोस्टरवर तिच्यापेक्षा त्यांचा फोटो मोठा होता. पाच वर्षांत द्वारकाबाई लोकसभेत दोनदा बोलल्या. दोन्ही भाषणं लिहून आली होती. शिफारसपत्रंही लिहूनच यायची. पुढच्या निवडणुकीत त्यांचं तिकीट कापलं गेलं आणि त्या गावी परतल्या. तशाच एका पत्रावर त्यांच्या खासदार निधीतून अण्णासाहेबांच्या संस्थेने मुलींचं वसतिगृह बांधलं होतं. गेल्या पावसाळ्यात त्याचा स्लॅब कोसळला. सात मुली गेल्या.

संग्रामने फोन लावून त्यांच्या हातात दिला.

“द्वारका,” अण्णासाहेबांचा आवाज थकलेला होता, “आजवर मी तुझ्याकडे काही मागितलंय का? तुझं वय बघून सोडून देतील गं. मी अडकलो तर संस्था बुडेल. उत्तरा आपल्याच कॉलेजात शिकवते ना? अजून कायम व्हायचीय ती.”

उत्तरा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी.

“समितीपुढं जाऊनच करते सही,” असं म्हणून द्वारकाबाईंनी कागद पर्समध्ये ठेवला.

खाली गुणवंत रिक्षा थांबवून उभे होते. पाचही वर्षं तेच त्यांचे सहायक होते. दिल्लीत द्वारकाबाईंना हिंदी शिकवली तीही गुणवंतांनीच.

“मॅडम,” रिक्षा वळल्यावर ते हळूच म्हणाले, “वसतिगृहाचं ते पत्र मीच सहीला ठेवलं होतं. हे काय आहे, असं तुम्ही विचारलं होतंत. मी म्हटलं, रुटीन आहे. मला रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत.”

“सही मीच केली ना,” द्वारकाबाई म्हणाल्या. गुणवंतांनी मान फिरवून रस्त्याकडे पाहिलं.

समितीत तीन अधिकारी होते.

“आपने साइट देखी थी?”

“नहीं.”

“फिर चिट्ठी क्यों लिखी?”

“लिखी नहीं. अण्णासाहेब के ऑफिस से आई थी. मैंने बिना पढ़े साइन किया.”

मधल्या अधिकाऱ्याने टायपिस्टला हाताने थांबवलं. “मैडम, ये बयान आपके ख़िलाफ़ भी जाएगा. पहले किसी वकील से बात कर लीजिए.”

“जाऊ दे,” त्यांच्या तोंडून मराठीच आलं. मग म्हणाल्या, “लिखिए.”

त्या अतिथीगृहात परतल्या, तेव्हा त्यांची बॅग रिसेप्शनजवळ ठेवलेली होती. खोली सोडल्याची नोंद झाली होती. बॅग भरणाऱ्याने घाई केली असावी. चेनमध्ये साडीचा पदर अडकला होता. त्या वाकून तो सोडवत होत्या, तेवढ्यात उत्तराचा फोन आला.

“आई, उद्यापासून येऊ नका म्हणाले प्राचार्य. काय बोललीस तू तिथे?”

“जे झालं ते.”

“एकदा मला विचारायचं तरी!” फोन बंद झाला.

गुणवंत त्यांना सरोजिनी नगरच्या आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये घेऊन आले. त्यांच्या बायकोने, कुमुदने, काही विचारलं नाही. “चलो, हात धुऊन घ्या. खिचडी टाकलीय,” एवढंच म्हणाली. गुणवंत नुसतेच ताटावर बसून राहिले. द्वारकाबाईंनी मात्र सगळं खाल्लं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

मग त्यांनी कुमुदकडे कागद मागितला. स्लॅब पडला तेव्हा ‘तिकडे फिरकू नकोस’ असा अण्णासाहेबांचा निरोप आला होता आणि त्या गेल्या नव्हत्या. आता मुलींच्या घरी जायचं होतं. जाण्याआधी निदान नावं तरी माहीत हवीत. पेपरात वाचलेली चार नावं त्यांनी एकाखाली एक लिहिली. पुढे काही सुचेना.

संस्थेतच शिकवणाऱ्या उत्तराला ती ठाऊक असणार, म्हणून त्यांनी तिला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली.

“काय आहे?”

“उत्तरा, त्या मुलींमधल्या तिघींची नावं मला येत नाहीत गं.”

फोन ठेवला की काय, म्हणून द्वारकाबाईंनी कानावरून काढून पाहिला. ठेवला नव्हता.

“लिही,” उत्तरा म्हणाली. “वैजयंता. सहावीत होती.”

द्वारकाबाईंनी पाचाचा आकडा घातला आणि नाव लिहायला घेतलं.