धूमकेतूचा रस्ता

शाळेच्या कार्यक्रमासाठी विज्ञानाच्या बाईंनी आठ ग्रह चौथीतल्या आठ मुलांना वाटून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी नववी मुलगी उगवली.

"काल कुठे होतीस गं, चिमटी?"

"बाबा आला होता. दुपारी गेला पण."

चिमटीचा बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. आई नव्हती. ती आत्याकडे राहायची आणि आत्या दिवसभर शिवणयंत्रावर असायची.

"मग तू धूमकेतू हो," बाई म्हणाल्या.

"तो काय करतो?"

"लांबून येतो, सूर्याला वळसा घालतो आणि परत लांब निघून जातो."

चिमटीने जरा विचार केला. "म्हणजे बाबाच की."

"ट्रकचा नंबर काय?" गुरूने विचारलं. गुरू झालेला मुलगा वर्गातला सगळ्यात वात्रट होता.

शाळेच्या फाटकाजवळ एक जुना ड्रम पालथा घालून पिवळा रंगवला होता; तो सूर्य. त्याच्याभोवती बाईंनी खडूने ग्रहांच्या वाटा आखल्या होत्या. आता त्यांनी धूमकेतूची वाट काढली, काकडीसारखी लांबुळकी. एक टोक ड्रमला खेटून वळत होतं, दुसरं थेट मागच्या भिंतीशी, पाण्याच्या नळांपाशी. आत्याने उरलेल्या पांढऱ्या अस्तराची लांब शेपटी शिवून चिमटीच्या कमरेला बांधून दिली.

सरावात चिमटी नळांकडून धावत यायची आणि ड्रमपाशी आली की पाय घासत, रेंगाळत वळसा घालायची.

"उलटं करतेयस," बाई म्हणाल्या. "सूर्याजवळ सगळ्यात जोरात जायचं. लांब गेलीस की हळू."

"जवळ आल्यावर थोडं थांबायला नको?"

"थांबता येत नाही. येताना सूर्य त्याला खेचत असतो, म्हणून वेग वाढत जातो. मग वळसा घातला की तोच वेग त्याला बाहेर नेतो."

"आणि तिकडे लांब?"

"तिकडे जाताना सूर्य मागे खेचतो, त्यामुळे वेग कमी कमी होतो. त्याचा बहुतेक काळ तिथेच जातो."

चिमटीने नळांकडे पाहिलं. "हे बरोबर नाहीये."

"बरोबर आहे. आवडण्यासारखं नाही, एवढंच."

कार्यक्रम शनिवारी होता. त्या दिवशी बाबाची गाडी शाळेच्याच रस्त्याने जाणार होती आणि तो फोनवर 'बघतो' म्हणाला होता. चिमटीने वर्गात 'येणार' असं सांगितलं.

"तो आला तर माझे सगळे चंद्र तुला," गुरू म्हणाला.

आत्यानेही तिची वेणी घालताना समजावलं, "त्याच्या येण्यावर जीव टांगून ठेवू नकोस, बाळा. दारात उभा राहिला की आला म्हणायचं."

शनिवारी मुलांचे आई-वडील बाकांवर बसले आणि ग्रह फिरू लागले. बुधाला धाप लागली. नेपच्यून जवळजवळ जागच्या जागी उभा राहून कोपर खाजवत होता. बाई एकेकाची ओळख करून देत होत्या. चिमटी ड्रमपाशी यायची, जोरात वळायची आणि वळता वळता फाटकाकडे बघायची. फाटकात कोणी नसायचं.

तिसऱ्या फेरीत ती पुन्हा भिंतीकडे गेली, आणि ट्रक येऊन थांबला. इंजिन चालूच होतं. चुरगळलेल्या शर्टातला एक माणूस उडी मारून उतरला आणि फाटकाशी उभा राहिला.

चिमटीने त्याला पाहिलं. ती तेव्हा नळांपाशी होती, जिथे सगळ्यात हळू चालायचं तिथे. बाईंनी तिला हाताने खूण केली, पळ. तिने नकारार्थी मान हलवली. ओठ घट्ट मिटून ती एकेक पाऊल टाकत राहिली. इतकं नीट शिकवायला नको होतं, असं बाईंच्या मनात आलं.

त्या स्वतः फाटकापाशी गेल्या. "आत या ना."

"गाडी रस्त्यातच उभी आहे, बाई. मागे रांग लागेल."

"त्या ड्रमजवळ थांबा. निघालीय ती."

तो ओशाळून सूर्याशेजारी जाऊन उभा राहिला. चिमटी नळांपासून सुटली. पावलं वाढली, मग ती धावू लागली, मंगळाच्या वाटेपर्यंत येईतो शेपटी जमीन सोडून उडायला लागली. ड्रमपाशी ती वळली नाही. सरळ बाबाच्या पोटावर आदळली आणि थांबली.

"धूमकेतू अडकला की," बाकावरून कोणीतरी म्हणालं.

"अडकू दे," बाई म्हणाल्या.

ग्रह फिरत राहिले. बाबा वाकून तिच्या कानात काहीतरी बोलला. ती त्याला चिकटून राहिली. बाहेर मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

"जाऊ ना मी?" त्याने विचारलं.

तिने हात सोडले. तो फाटकाकडे निघाला आणि ती आपल्या वाटेला लागली. पण तोंड वळवलं नाही. फाटकाकडे बघत ती मागे मागे जाऊ लागली. शेपटी पायात येत होती, म्हणून तिने ती पुन्हा पुन्हा पाठीमागे दूर भिरकावली. आता ती भिंतीकडे जात होती आणि शेपटी तिच्याआधी जात होती.

"अगं, शेपूट पुढे?" गुरू हसला. "उलटी चाललीस."

बाई तिला थांबवणार होत्या, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं. सूर्यापासून दूर जाणाऱ्या धूमकेतूची शेपटी त्याच्या पुढेच असते. ती कायम सूर्याच्या विरुद्ध दिशेला जाते. हे शिकवायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं होतं.

"बरोबर चाललीय ती," त्या म्हणाल्या.

ट्रक हलला. चिमटीचा वेग कमी होत होता. आवाज रस्त्याच्या टोकाला विरला, तेव्हा ती अजून नळांपर्यंत पोचलीही नव्हती.