ज्योतीरामच्या ओठावरची मिशी

मित्रांनो, हसू नका, मी एक जुनी मिशी आहे. खोटी असले तरी खानदानी आहे बरं का! पिंपरीच्या शौकतचाचांनी बारीक जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवत मला घडवलं. माझी पिळदार टोकं पाहून मदिनाचाची म्हणाल्या, "या अल्ला, ही तर एकटीच नाटक करेल!" तेव्हापासून मी जरा हवेतच होते.

भोसरीच्या एका वर्कशॉपमधल्या हौशी कामगार मंडळींनी मला नेलं आणि मी ज्योतीरामच्या ओठावर चढले. ज्योतीराम लेथ मशीनवर काम करतो. पाटील, फौजदार, सावकार, सगळे त्यानेच रंगवले. एन्ट्रीला तो मला पीळ द्यायचा आणि टाळ्यांचा पाऊस पडायचा. त्या टाळ्या माझ्याच, अशी माझी पक्की समजूत होती.

पण गड्याला एक खोड होती. दिवसभर मशीनच्या खडखडाटात ओरडून ओरडून त्याला हळू बोलणंच जमेना. "बाळ झोपलंय" हे वाक्यसुद्धा तो असं म्हणायचा, की शेजारच्या गल्लीतलं बाळ जागं व्हावं.

यंदा कामगारांच्या नाट्यस्पर्धेत त्याला बापाचं काम मिळालं. लेक शिकायला परदेशी निघते आणि बाप तिला निरोप देतो. दिग्दर्शन स्टोअरमधल्या योगिनीताईंचं. तालमीत ज्योतीराम "जा पोरी, सुखी राहा" म्हणाला की त्या कपाळाला हात लावायच्या.

"ज्योतीरामभाऊ, लेकीला निरोप देताय की क्रेनवाल्याला हाक मारताय?"

"आवाज खाली घेतला की वाक्यातला जीवच जातोय ताई. न्हाई जमत."

"मग हे काम तुमच्या पलीकडच्या मशीनवरच्या नवनाथला द्यावं लागेल. शनिवारपर्यंत बघते मी."

बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला. शिफ्ट करून दमलेला हा माणूस नाटकाच्या नावानेच ताजातवाना व्हायचा. मलाही धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत, गोंद किती टिकतो ते बघायला त्याने मला लावलं. पलीकडे नवनाथचं मशीन अजून धडधडत होतं. ज्योतीरामने त्याला लांबूनच, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "पोरीचा ताप उतरला का?" नवनाथने हसून मान डोलावली. लांबच्या माणसाशी वर्कशॉपमध्ये सगळे असंच बोलतात.

स्टोअरच्या दारातून बघणाऱ्या योगिनीताई ओरडल्याच, "हेच! हेच पाहिजे मला! फक्त ओठ दिसायला हवेत."

आणि त्यांनी कात्री काढली. अगं बाई गं! माझी टोकं गेली, ओठावरची झालर गेली. मला रडूच कोसळलं.

"अशा मिशीत मी बाप कसला दिसणार?" ज्योतीराम कुरकुरला.

"दिसायचं कशाला? व्हा की बाप!"

प्रयोगाला सगळं वर्कशॉप लोटलं होतं. लेक झालेली अपेक्षा बॅग उचलून दारापर्यंत गेली. ज्योतीरामने तोंड उघडलं, पण आवाज काढला नाही. नुसते ओठ हलले. जा पोरी. ओठ थरथरला तशी मीही थरथरले, मला वेगळं काही करावंच लागलं नाही. तेवढ्यात वर्कशॉप झाडणाऱ्या सोजराबाई प्रेक्षकांतून बोलल्या, "व्हय रं बाबा, जाऊ दे तिला!"

मग ज्या टाळ्या पडल्या, त्या ज्योतीरामच्या होत्या. खरं सांगते, मला फार आनंद झाला.

मित्रांनो, तुमच्या मंडळात माझ्यासारखी कुणी असेल, तर खेळ संपल्यावर तिला ओरबाडू नका. गोंद सावकाश सोडवा, केस विंचरा, मगच डबीत ठेवा. त्या दिवशी मला काढताना आमचा ज्योतीराम इतक्या हळू बोलला, की मलाच जेमतेम ऐकू आलं.

"दुखलं का गं?"