देवमाशाखालची रांग

संग्रहालयाच्या मोठ्या दालनात व्याख्यानासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांच्यावर, छताला पोलादी तारांनी टांगलेला, देवमाशाचा सांगाडा होता. वक्ता माझा मामा. भीतिपटांना संगीत देण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. मी मागच्या टोकाला ध्वनियंत्रणेवर बसले होते, कारण फिजिक्सची पदवी घेऊन इथे नोकरीला लागल्यापासून वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्याच गळ्यात पडते.

आईला मीच पहिल्या रांगेत मधोमध बसवलं होतं, जबड्याच्या बरोबर खाली. धाकट्या भावाचं कौतुक तिला जवळून बघायचं होतं.

"ताई, कानात यंत्र घातलंयस ना?" मामाने व्यासपीठावरून विचारलं.

"घातलंय. पण तुझं ते घूं घूं सुरू झालं की काढणार. लहानपणी घरभर डबे बडवायचास, तेवढं पुरे झालं मला."

सगळे हसले. मामाही हसला आणि त्याने पडद्यावर एक तुकडा दाखवला. एक बाई जिना चढतेय, संगीत वाढत जातंय, आणि मधेच ते तुटतं. अख्खं दालन श्वास रोखून पुढे झुकलं.

"बघितलंत?" मामा म्हणाला. "घाबरवायचं असेल तर आवाज वाढवा. पण संकट येऊन ठेपलंय हे सांगायचं असेल, तर आवाज काढून घ्या. मग माणूस स्वतःच शोधायला लागतो, कुठून येतंय ते."

मग त्याने आपलं हत्यार काढलं. एक खर्जातला सूर, इतका खालचा की कानाला जेमतेम कळावा, छातीला मात्र नीट कळावा. मला त्याने आधीच बजावलं होतं, "शास्त्रज्ञबाई, आवाजाच्या सरकपट्टीला हात लावायचा नाही. मागच्या व्याख्यानात एकाने घाबरून आवाज खाली आणला आणि सगळी मेहनत पाण्यात घातली."

आईने कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि निवांत डोळे मिटले.

मामा सूर हळूहळू आणखी खाली नेत होता. एका जागी काचेची कपाटं थरथरू लागली, आतली पक्ष्यांची अंडी कापसात हलली, आणि आवाज अचानक दुपटीने भरून आला. मी यंत्रणेवर काहीच वाढवलं नव्हतं.

"सापडला!" मामा ओरडला. "आता मी वाजवत नाहीये. ही खोली गातेय!"

प्रत्येक खोलीला तिचा असा एक सूर असतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. अंगाला कधी जाणवलं नव्हतं. मी खुळ्यासारखी खूश झाले. तेवढ्यात आईच्या निळ्या स्वेटरवर पांढरे ठिपके दिसले. हाडांवरची धूळ असेल, असं आधी वाटलं. पण हाडं कालच पुसली होती, आणि त्यांची धूळ राखाडी असते. हे पांढरंशुभ्र होतं.

मी वर पाहिलं. जबड्याच्या तारा ज्या हुकात अडकवल्या होत्या, त्याच्याभोवती छताला वर्तुळाकार चीर पडली होती. सुराच्या प्रत्येक ठोक्याला तिच्यातून गिलाव्याची भुकटी झरत होती.

"उठा!" मी किंचाळले. "वर बघा! सगळे बाहेर व्हा!"

लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"ही माझी भाची," मामा खुशीत म्हणाला. "फिजिक्सवाली! भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही, आणि बघा, कशी टरकली!"

मी पुन्हा ओरडले. टाळ्या वाढल्या. मधे एवढ्या खुर्च्या होत्या की आईपर्यंत धावत पोचणं शक्य नव्हतं. मी जितकी घाबरत होते, तितकं त्याचं व्याख्यान रंगत होतं.

मी सरकपट्टी खाली ओढली.

आवाज तुटला. टाळ्याही थांबल्या. अर्ध्या तासापूर्वी शिकल्याप्रमाणे सगळे श्वास रोखून शोधू लागले, कुठून येतंय ते. त्या शांततेत डोक्यावर पोलाद करकरलं.

माना वर गेल्या. मग खुर्च्या उलटल्या, लोक भिंतींकडे पळाले, पहिली रांग रिकामी झाली. उरली एकटी आई. डोळे मिटलेली, मांडीवर पर्स, खांद्यांवर पांढरी भुकटी. शांतता तिला कळणार कशी? ती तर केव्हापासूनच शांततेत बसली होती.

"ताई!" मामाने हाक मारली, आणि हाक वाया गेली हे त्याच क्षणी त्याला कळलं असावं. त्याने व्यासपीठावरून उडी टाकली, खुर्चीसकट तिला मागे खेचलं आणि दोघं कपाटापाशी कोसळली. ती बसली होती तिथे जबडा आदळला. फरशी फुटली.

आम्ही सगळे बाहेर व्हरांड्यात आलो. मी दार लोटून घेतलं. मामाच्या कोपरातून रक्त येत होतं. आईने पर्स चाचपली, यंत्र कानात घातलं आणि आमच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यांकडे पाहिलं.

"अरे, आता तरी सांगा, झालं काय? कसला आवाज येतोय आतून?"

मामाने ओठांवर बोट ठेवलं. दारापलीकडे आणखी एक तार सुटली. जबडा गेलेल्या त्या सांगाड्याचा सगळा भार आता उरलेल्या हुकांवर झुलत होता, आणि दाराची काच, सूर केव्हाच बंद केलेला असूनही, त्याच ठेक्यात थरथरत होती.