मी बोरिआस, उत्तरेच्या वाऱ्याचे नाव

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. ग्रीस देशात झोंबऱ्या उत्तरवाऱ्याला लोक 'बोरिआस' म्हणत. माझे मूळ कुठले, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. 'डोंगर' अशा अर्थाच्या शब्दातून मी निघालो असेन, असा काही जाणकारांचा अंदाज आहे. स्वतःचा जन्म असा अंदाजाने सांगताना फार चुटपुट लागते.

तिथे हा वारा देव मानला जाई, म्हणून माझा दरारा होता. शत्रूची जहाजे फुटावीत म्हणून अथेन्सच्या लोकांनी माझा धावा केला, आणि वादळात ती फुटल्यावर नदीकाठी माझे देऊळ बांधले. पुढे लॅटिनच्या वाटेने मी इंग्रजीत गेलो. उत्तरेकडच्या जंगलांना 'बोरिअल' म्हणतात ते माझ्यावरूनच. पण हात जोडून माझे नाव घेणारे कुणी उरले नाही. कोशात पडून पडून जीव धास्तावला होता. न बोललेला शब्द मरतो ना!

यंदा पौषात अमडापूर गावच्या प्राचीने मला शोधून काढले. शाळेत माझ्यावर बोलायचे म्हणून ती अंगणात मोठ्याने पाठ करत होती. मी हरखलो. तेवढ्यात तिची आजी अन्नपूर्णाबाई शेतातून आली. तिथली टोमॅटोची रोपे जेमतेम बोटभर झाली होती. गार वाऱ्याने ती करपली असती, तर उन्हाळ्याचे सारे पीक हातचे गेले असते.

"कोनाचं नाव घेऊन राह्यली वं?"

"उत्तरेच्या वाऱ्याचं, आजी."

"चूप! दिवेलागनीले कोनी सापाचं नाव घेते का? मंग याचं काऊन घेऊन राह्यली?"

प्राचीने पाठ करणे थांबवले. नाव घेतले की वारा येतो, असे आजीला वाटत होते. मी नुसता शब्द आहे हो! वारा माझे कुठे ऐकतो?

थोड्याच वेळात वारा सुटला, आणि तोही उत्तरेचाच. आजी जुनी लुगडी घेऊन शेताकडे धावली, मागोमाग प्राची. दोघींनी वाफे झाकले, कडेला दगड ठेवले. एक कोपरा उघडाच राहिला. आजीने अंगावरची शाल काढून त्यावर घातली. मग कुडकुडत म्हणाली, "काय नाव म्हनलं वं त्याचं?"

"बोरिआस."

आजीने उत्तरेकडे तोंड करून हात जोडले. "बोरिआस महाराजा, लेकरं हायेत थे माह्ये. वरून वरून निंघून जाय."

किती शतकांनी मला कुणी असे बोलावले! आनंदाऐवजी मला धडकीच भरली. लुगडी फडफडत होती आणि मला काहीच करता येत नव्हते. हे सांगतो आहे तेव्हा अजून उजाडायचे आहे. रोपांचे काय झाले, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझे नाव जरूर घ्या, मी त्यावरच जगतो. पण माझ्या भरवशावर रोपे उघडी टाकू नका. आजीने आधी शाल काढली, मग हात जोडले.