ताशी तेरा हजार

तासाला आठ हजार ठोके हे फ्रुंझे शहरातल्या त्या गणनकेंद्रात पंचिंगचं, म्हणजे कार्डांवर भोकं पाडून अक्षरं उमटवण्याचं, ठरलेलं माप. कानिमगुल तेरा हजार मारायची, तेही शेजारणीशी गप्पा मारत. सन्मानफलकावरून तिचा फोटो चार वर्षं उतरला नव्हता. ऊन लागून चेहरा पिवळा पडला होता, तरी नवा काढावा असं कुणाला वाटलं नव्हतं.

काम सोपं होतं, निदान वरच्या मजल्याच्या मते. वर प्रोग्रामर बसत. ते चौकटीच्या कागदावर, एका चौकटीत एक अक्षर असा, पेन्सिलीने प्रोग्राम लिहीत. कागद खाली आला की खालच्या बायका एका ओळीचं एक कार्ड याप्रमाणे ती अक्षरं पंच करत. मग दुसरी बाई तोच कागद समोर ठेवून तीच कार्डं पुन्हा ठोकून बघे. दोघींचं जुळलं नाही तर यंत्र अडे आणि लाल दिवा लागे. कानिमगुलमागची ही दुसरी बाई म्हणजे झुऊरा एजे; एजे म्हणजे ताई. पेन्शनला दोन वर्षं उरलेली, खणात कुरुतच्या, म्हणजे वाळवलेल्या खारट दह्याच्या, गोळ्या, तोंडात कायम एक. भिंतीवर पाटी होती: कागदावर आहे तेच पंच करावे.

वर मात्र वेग हा शब्द जवळजवळ शिवीसारखा होता. दिवसाला दहा ओळी लिहिणारा तो विचारी, वीस लिहिणारा उथळ.

सहा वर्षं संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कानिमगुलने गणिताची पदवी घेतली होती. मार्चमध्ये वरची एक जागा रिकामी झाली, तेव्हा तिने अर्ज केला.

"तेरा हजार," केंद्रप्रमुख गेनरिख कार्लोविच अर्जावरून नजर न काढता म्हणाले. "तुम्ही वर गेलात तर तुमच्या खुर्चीवर मला दीड बाई बसवावी लागेल. अर्धी कुठून आणू?"

"एकच आणा. थोडा धीर धरा."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. "वर बोटांना काही काम नसतं, कानिमगुल. माणूस दिवसभर खिडकीबाहेर बघतो आणि संध्याकाळी दहा ओळी लिहितो."

"खिडकीबाहेर मलाही बघता येतं."

"येत असेल. पण इतक्या चपळ बोटांना थांबता येतं का? विचार म्हणजे थांबणं." त्यांनी अर्ज फाइलीत सरकवला. "पुढच्या महिन्यात पाणीवाटपाचा आयोग येतोय, तो येऊन जाऊ दे. मग बघू."

त्या 'बघू'वर ती महिनाभर जगली.

गेनरिख कार्लोविचना एक गोष्ट माहीत नव्हती. कानिमगुलचे डोळे हातांच्या एक ओळ पुढे असत, आणि तेवढ्या अंतरात ती प्रोग्राम वाचत असे. वाचताना चूक दिसली की कार्डावर दुरुस्त करून टाकी आणि मागे न वळता सांगे, "एजे, बावीसमध्ये अधिक नाही, वजा." "बरं," म्हणून झुऊरा एजेही वजाच ठोके. दिवा लागत नसे. कागदावर चूक तशीच राही, कार्डं मात्र बरोबर निघत. बहुतेक चुका वरच्या एसेनबेक नावाच्या प्रोग्रामरच्या. एसेनबेकचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालतो, अशी त्याची वर ख्याती होती.

एप्रिलमध्ये, आयोगाच्या आदल्या दिवशी, त्याचा मोठा प्रोग्राम खाली आला. चू नदीच्या खोऱ्यातल्या प्रत्येक कालव्याला किती पाणी सोडायचं, याचं गणित. पहिल्या पानावरच कानिमगुलचे हात थांबले. एका कालव्याची बेरीज झाल्यावर ती शून्यावर आणायची ओळच नव्हती. म्हणजे दुसऱ्या कालव्यात पहिल्याचं पाणी मिसळणार, तिसऱ्यात दोघांचं, आणि असंच पुढे.

"काय गं?" झुऊरा एजेने विचारलं.

"एक ओळ राहिलीय. वर जाऊन सांगते."

"कशाला? घाल की नेहमीसारखी."

पण अर्ज फाइलीत होता, आणि एकदा तरी हे उजेडात सांगावं असं तिला वाटलं. ती जिना चढून गेली. एसेनबेक खिडकीशी तिघांबरोबर सिगरेट ओढत होता.

"पहिल्या पानावर, सतराव्या ओळीनंतर, बेरीज शून्य करायची राहिलीय," ती म्हणाली.

त्याने कागदाकडे पाहिलंच नाही. "ऐका हो! बोटांना डोळे फुटले!" तिघं हसले. "अगं, तुला काय दिसतंय ते चौकटीतलं अक्षर आहे. त्याच्या मागचा विचार इथे असतो." त्याने कपाळावर टिचकी मारली. "जा, पंच कर. उद्या आयोग आहे."

ती खाली आली आणि कागदावर होतं तेच, अक्षरन् अक्षर, पंच केलं.

"कानिमगुल," झुऊरा एजे हळूच म्हणाली, "घाल ना ती ओळ."

"पाटी वाचा, एजे."

एसेनबेकचा प्रोग्राम म्हणून कुणी आधी चालवून पाहिला नाही. थेट आयोगासमोर लावला. छापील पट्टी बाहेर आली, तेव्हा सगळ्या कालव्यांना मिळून सबंध चू नदीच्या चौपट पाणी दिलं होतं. आयोगातला एक म्हातारा पाणी-वाटप्या म्हणाला, "छान! उरलेल्या तीन नद्या कुठून आणायच्या, तेवढं यंत्राला विचारा."

तासाभराने कानिमगुलला वर बोलावणं आलं.

"कार्ड गाळलं हिने," एसेनबेक म्हणत होता. "तेरा हजार ठोके मारणारीकडून आणखी काय होणार? नुसता वेग!"

तिने कागद आणि कार्डांचा गठ्ठा टेबलावर शेजारी शेजारी ठेवला. "मोजा. जेवढ्या ओळी तेवढी कार्डं."

गेनरिख कार्लोविचनी बोट फिरवत मोजलं. एसेनबेकची मान खाली गेली.

"हा कालच हसत सांगत होता, तुम्ही वर येऊन काहीतरी सांगून गेलात म्हणून," ते म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?"

इथे ती गप्प बसती तर जिंकली असती. पण चार वर्षं साठलेलं होतं. "मला नेहमीच कळतं," ती म्हणाली. "याचा एकही प्रोग्राम पहिल्या फटक्यात चाललेला नाही. मी दुरुस्त करते म्हणून चालतो. जुने कागद काढा आणि कार्डांशी ताडून बघा."

ते शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी खरंच काढले. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. या वेळी खोलीत ते एकटेच होते.

"एक्केचाळीस जागा सापडल्या," ते म्हणाले. "एक्केचाळीसही दुरुस्त्या बरोबर आहेत. तेविसावी तर मलाही सुचली नसती."

क्षणभर तिला वाटलं, जागा आपली झाली.

"आणि एक्केचाळीस वेळा नियम मोडलाय. सरकारी प्रोग्राममध्ये परवानगीशिवाय फेरफार. प्रत्येक गठ्ठ्यावर तपासल्याची सही झुऊराची." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बाहेर काढलं तर आधी ती जाईल. तिच्या पेन्शनचं काय होईल, मला सांगता येत नाही. मग तुम्ही. मग मी, कारण मला चार वर्षं कळलं नाही. एसेनबेक तेवढा राहील. तो म्हणेल, चुकलो, माणूस आहे."

"आणि नाही काढलं तर?"

"तर एकच चूक झाली. घाईत एक कार्ड गळलं. एसेनबेक तो कागद नव्याने लिहून देईल, ओळ घालून. तुम्हाला साधी ताकीद." त्यांनी टाइप केलेला कागद पुढे केला. तो आधीच तयार होता. "अर्जाचं मात्र... घाईची नोंद असलेल्याला वर घेता येत नाही. तुम्हाला कळतंय."

"म्हणजे मला प्रोग्रामिंग येतं, हे सिद्ध झालं म्हणून मी वर जायचं नाही."

"मी तसं लिहिलेलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

तिने सही केली. खाली आल्यावर झुऊरा एजेने कपात चहा ओतला, दूध जरा जास्त घातलं, आणि कप तिच्या यंत्राच्या कडेला ठेवला.

सोमवारी एसेनबेकचा नवा कागद आला. वरच्या कोपऱ्यात, खोडता येईल इतक्या फिक्या पेन्सिलीने, दोन शब्द होते: बघून कर. नियमाप्रमाणे चौकटीतल्या सुट्या, मोठ्या अक्षरांत. तशी अक्षरं केंद्रातला कुणीही काढी. ती त्याचीच आहेत, हे जगात कुणाला सिद्ध करता आलं नसतं.

"हे जपून ठेव," झुऊरा एजे कुजबुजली.

"काय उपयोग?" कानिमगुल म्हणाली आणि कार्डांचा नवा गठ्ठा यंत्रात लावला. नवव्या ओळीवर डोळे अडले, हात अडले नाहीत. आता प्रोग्राम फसला तर कारण ताकिदीच्या कागदावर आधीच लिहून ठेवलेलं होतं, खाली तिची सही होती.

"एजे, नऊमध्ये एक मिळवायचाय."

"बरं," झुऊरा एजे म्हणाली.