तणसातला कोमट भात

सीताबाईचा भात गावात नावाजलेला होता. रोवणीच्या दिवसांत सून नूतन झुंजुमुंजूला बांधीवर, धानाच्या खाचरात, रोपं लावायला निघायची. सीताबाई पहाटेच भात रांधायची आणि तो दुपारपर्यंत ऊन राहावा म्हणून भाताचं पातेलं, म्हणजे गंज, गोधडीत गुंडाळून तणसाच्या, धानाच्या वाळल्या पेंढ्याच्या ढिगात पुरायची. ढीग इतका उबदार, की म्हणे एकदा एक वाघ त्यावर बसून पाठ शेकून गेला. वाघानं अजून ते नाकारलेलं नाही.

त्या दिवशी गंज दुपारी चारला निघाला. भात चिकट झालेला, आंबूस वास येणारा. सीताबाईनं पाणी घालून तो खदखदा उकळला, स्वतः खाल्ला आणि तीन वर्षांच्या नातीला, हर्षाला, भरवला. म्हातारीचं पोट लोखंडी. जरा गुरगुरलं आणि गप्प बसलं. हर्षाला मात्र ओकाऱ्या आणि हगवण लागली. सकाळपर्यंत डोळे खोल गेले. रडायची, पण आसू येईना. नूतन धावत जाऊन गावच्या आशा सेविकेला, रीनाला, घेऊन आली.

"पाणी देलं का, बाई?" रीनानं सीताबाईला विचारलं.

"कायले देऊ? पाणीच तं जाऊन राह्यलं! वरून देलं का खालून निंगते."

"खाल्लं काय होतं?"

"भात. पण चांगला उकळला होता मी. जंतूचा बाप मेला असंल."

"बाप मेला, बाई, पण मराच्या आधी भातात इख, जहर सांडून गेला. जंतू उकळून मरते, त्याचं इख नाई मरत. भात दिवसभर कोमट राह्यला का जंतूची शेतीच पिकते त्यात."

"माह्या सासूनंबी असाच ठेवला. सात लेकरं वाढवली तिनं!"

"झाले किती होते?"

सीताबाईनं पदर सारखा केला. "अकरा," ती हळूच म्हणाली.

रीनानं ते तिथंच सोडलं. उकळून निवलेल्या पाण्यात ओआरएसची पुडी विरघळवत तिनं विचारलं, "बाई, धुऱ्याचा बांध फुटून बांधीतलं पाणी वाहून राह्यलं, तं तुमी वरचं पाणी तोडता का?"

"येडी का तू? रोवणा वाळंल ना! धुरा लिंपेपर्यंत लावाच लागते."

"मंग?"

सीताबाईनं हर्षाकडं पाहिलं आणि वाटी-चमचा हिसकून घेतला.

"दोन वाजेपर्यंत लघवी नाई झाली, तं गाडी बोलावतो. मूल गावच्या दवाखान्यात सलाईन लावा लागंल," रीना म्हणाली.

पहिले चार चमचे हर्षानं ओकून टाकले. दहा मिनिटं थांबून सीताबाईनं पुन्हा सुरू केलं. एक चमचा, मग थोडा दम, मग दुसरा. मांडीला मुंग्या आल्या तरी ती उठली नाही. त्या दिवशी तिनं जेवढे चमचे पाजले, तेवढ्यात गावचा तलाव भरून सांडव्यावरून वाहिला असता.

दीडच्या सुमाराला तिच्या मांडीवर ऊन ऊन लागलं.

"नूतन! मुतली वं मुतली!" सीताबाई अशी ओरडली, की तीन बांध्यांपलीकडच्या बाया हातातली रोवण्याची रोपं तशीच धरून उभ्या राहिल्या.

"आता थांबू नोका, बाई," रीना म्हणाली.

"थांबलं कोन?" ओल्या लुगड्यानंच सीताबाईनं पुढचा चमचा भरला. "आ कर, माय."