म्हसूच्या मेंढरांची छावणी

म्हसू धनगराला खोटं बोलता येत नव्हतं. बोलायला गेला की कान लाल व्हायचे. आणि त्याची आई बायजा, तिला खरं बोलायचा कंटाळा. एका घरात अशी दोन माणसं, मग भोगायचं म्हसूनंच.

त्या दिवशी माण आणि चांदे या गावांच्या मधल्या माळावर बायजा दगडावर बसून मेधाताईंना गोष्टी सांगत होती. मेधाताई पुण्याच्या, जमिनीखालचं जुनं हुडकणाऱ्या. कोकणात समुद्रकाठी त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या तोफांचे ओटे उकरून काढले होते. त्या तोफांवरची फौज किनाऱ्याला जायच्या आधी या माळावर तळ ठोकून होती, असं त्यांना जुन्या कागदांत सापडलं होतं. पण माळावर बघावं तर गवत आणि वारा. मग त्यांनी ड्रोन उडवला, आणि फोटोत दिसले सुकल्या गवतात सात हिरवेगार चौकोन, अगदी एका ओळीत.

"बराकी," मेधाताई म्हणाल्या. "उद्या आमचे सर येतायत. सकाळीच खणायला घेऊ."

म्हसूनं फोटो बघितला. ते चौकोन त्याचेच होते. उन्हाळ्यात त्यानं तिथं मेंढरं बसवली होती. खुंट्या ठोकायच्या, त्यांना जाळीची वाघर बांधायची, आत मेंढरं कोंडायची, तीन रात्री झाल्या की वाघर पुढं सरकवायची. अशी सात ठिकाणं. लेंड्या मुरल्या, म्हणून तिथलं गवत अजून हिरवं.

आता यात हसण्यासारखं आपल्याला असेल, म्हसूला नव्हतं. सरपंच अण्णासाहेबांनी सांगून ठेवलेलं, लढाईचं काही निघालं तर माळ आहे तसा राहील. नाहीतर सोमवारी जेसीबी, आणि सगळं सपाट करून सोसायटीच्या गाड्यांना जागा. चहूकडं इमारती उठलेल्या. त्याच्या साठ मेंढरांना चरायला एवढाच माळ उरला होता.

"तर बाय," बायजाचं चाललं होतं, "गोरा सायब रोज सकाळी ताकाला यायचा. टोपी काढून हुबा ऱ्हायाचा, आन् ताक टोपीतच वतून घ्यायचा."

"टोपीत?"

"मंग. भांडी कुटनं आननार, लढाईवरचा मानूस. येकदा माझ्या हातची लसनाची चटनी खाल्ली आन् त्वांड धरून पळाला, त्यो थेट मुळशीच्या धरनात. त्येच्या मागनं अख्खी पलटन. त्यांला वाटलं, लढाई सुरू झाली."

मेधाताई फोनवर रेकॉर्ड करत होत्या. "आजी, तेव्हा तुमचं वय काय होतं?"

"तवा वय कोन मोजत हुतं?"

आपली आई लढाई संपल्यावर दोन वर्षांनी जन्मली, हे म्हसूला आधार कार्डामुळं पक्कं ठाऊक होतं. त्यानं तिला बाजूला घेतलं.

"आये, उद्या खनलं की लेंड्या निघतील."

"निगू देत. गोऱ्यांनी बी मेंढरं पाळली आसतील."

"आन् सोमवारी जेसीबी आला म्हंजी?"

"म्हनून तर घसा कोरडा करतीया. तू गप ऱ्हा."

म्हसू गप राहिला असता तर तो म्हसू कसला. सरळ जाऊन त्यानं मेधाताईंना सांगितलं, "ताई, हे चौकोन माझ्या मेंढरांनी केल्यात."

बायजानं मान हलवली, अगदी दुःखानं. "त्येचं मनावर घिऊ नगंस, बाय. बारकेपनापास्नं खोटं बोलायची खोड हाय त्येला."

म्हसू साठीला आलेला माणूस. रागानं त्याचे कान लालबुंद झाले.

"बग," बायजा म्हणाली, "कान बग त्येचं."

मेधाताईंनी कानांकडं बघितलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "असू दे काका. गवत असं उगाच हिरवं राहत नाही."

"तेच सांगतुया न्हवं," म्हसू म्हणाला आणि तिथंच थांबला. त्याची नजर माळाच्या उतारावर गेली. तिथलं गवत दर साली सगळ्यात आधी वाळायचं. वाघर लावायला तिथं खुंटी कधी जायचीच नाही. खाली खडक असेल म्हणून तो आजवर सोडून देत आला होता. पण खडक असा सरळ रेषेत कुठं असतो?

तो लोखंडी खुंटी आणि एक दगड घेऊन आला. हिरव्या चौकोनात खुंटी ठोकली; लोण्यात गेल्यासारखी गेली. मग उतारावर वाळल्या गवतात ठोकली. ठण. दोन पावलं पुढं, ठण. वीस पावलं ठणठणतच गेला, मग खुंटी मातीत बसली. तिथनं काटकोनात वळला, पुन्हा ठण.

मेधाताई त्याच्या मागं मागं, आधी चालत, मग पळत. गुडघ्यावर बसून त्यांनी माती खरवडली. चार बोटं खाली सिमेंटची फरशी निघाली, आणि कडेला गंजलेले बोल्ट. बराच वेळ त्या बोटानं ती कड चाचपत राहिल्या.

"मी काय सांगत हुते मगापास्नं," बायजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सर आले. त्यांनी फरशी बघितली, अण्णासाहेबांना बोलावून दाखवली, आणि जेसीबीचं बारगळलं. काम चार-पाच वर्षं चालेल, म्हणाले. यंत्र आणायचं नाही, पण गवत कायम बारीक हवं, फरशीच्या कडा दिसल्या पाहिजेत.

"मजूर लावू कापायला," मेधाताई म्हणाल्या.

"मजूर कशाला?" बायजा म्हणाली. "साठ हायेत आमच्याकडं. जेवाय बी हितंच."

मेधाताई हसल्या आणि तसंच ठरलं. जाता जाता त्यांनी म्हसूला बजावलं, "दिवसा खुशाल चारा काका. पण रात्री इथं बसवू नका. पुढच्या वर्षी पुन्हा चौकोन उमटले, तर सर मला हाकलतील. नाही ना बसवणार?"

म्हसूनं माळाकडं बघितलं. दुसरी जागा होती कुठं?

"न्हाई बाय," बायजा म्हणाली. "अजाबात न्हाई बसवनार."

म्हसूनं कानांवर मुंडासं ओढून घेतलं आणि मेंढरं हाकायला लागला.